घरटॅक्स चुकीचा लागला? लढण्याचा खर्च परत कसा मिळवायचा

मार्च लागला की ग्रामपंचायतीची वसुली जोरात सुरू होते आणि पंचायत समितीसमोरच्या माझ्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात घरटॅक्सची बिलं घेऊन माणसं यायला लागतात. कोणाचं कवेलूचं (कौलारू) घर कागदावर स्लॅबचं झालेलं असतं, कोणाच्या वाटणी झालेल्या घराला दोनदा टॅक्स लागलेला असतो. अर्ज टाइप होता होता प्रश्न ठरलेला येतो, "भाऊ, वकील लावला तर त्याची फी ग्रामपंचायतीकडून वसूल होते का?"

काही टप्प्यांवर होते, काही टप्प्यांवर होतच नाही. जिथे होते तिथेही पहिल्या दिवसापासून कागद ठेवलेला असेल आणि नेमक्या शब्दांत मागणी केलेली असेल, तरच होते. यवतमाळ जिल्ह्यात इतकी वर्षं हे अर्ज लिहिताना मी पाहिलं आहे की, लोकांचा पैसा बुडतो तो बहुतेक वेळा केस हरल्यामुळे नव्हे. जिथे फी परत मिळण्याची सोयच नाही, त्या टप्प्यावर ते वकिलाला रोख पैसे देऊन बसतात.

मी स्वतः तेच केलं होतं. आमच्या घरामागे बैलांचा कोठा आहे, अठरा बाय चोवीस फूट, वर टिन, खाली शेणानं सारवलेली जमीन. फेरआकारणीच्या वेळी मोजणीला आलेल्या माणसाला तिथे वेचणीच्या दिवसांतला कापूस आणि शेजारी टांगलेला वजनकाटा दिसला. नोंद झाली, "दुकान, स्लॅब". बिल पाहून माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी तालुक्याला एका वकिलाकडे गेलो, आठ हजार रुपये रोख दिले, पावती मागितली नाही. त्यांनी एक नोटीस पाठवली. तिला उत्तरही आलं नाही. शेवटी मीच पंचायत समितीत साध्या कागदावर अपील दिलं, सोबत कोठ्याचे चार फोटो जोडले. स्थळपाहणी झाली आणि नोंद दुरुस्त झाली. त्या अपिलाला मला दोनशे रुपयेही लागले नाहीत. आठ हजार मात्र गेले. ते मागायला माझ्याकडे ना जागा होती, ना पावती.

आधी बिलात नेमकं काय चुकलं ते शोधा

खर्चाचा विचार त्यानंतर. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा घ्या. ही ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही. तलाठ्याकडचा गाव नमुना आठ-अ हा शेताच्या खात्याचा कागद, त्याचा घरटॅक्सशी संबंध नाही. दोन्हींच्या नावात आठ असल्यामुळे माणूस तलाठ्याकडे चकरा मारतो आणि आठवडा वाया जातो. नमुना ८ सोबत नमुना ९, म्हणजे मागणी नोंदवही, यातलं तुमच्या नावाचं पानही मागा. पहिल्यात आकारणी कशी केली ते दिसतं, दुसऱ्यात थकबाकी आणि चालू मागणी.

हिशेब कसा होतो हे माहीत असेल तर चूक पाच मिनिटांत सापडते. पूर्वी नुसत्या क्षेत्रफळावर टॅक्स लागायचा. ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र ग्रामपंचायत कर व फी नियम, १९६० बदलले आणि टॅक्स भांडवली मूल्यावर आला. बांधकामाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्यायचं. त्याला जमिनीच्या वार्षिक मूल्यदराने गुणायचं. मग तेच क्षेत्रफळ बांधकामाच्या दराने आणि घसाऱ्याने, म्हणजे बांधकाम जितकं जुनं तितक्या कमी होणाऱ्या आकड्याने, गुणायचं. दोन्हींची बेरीज करून वापराच्या भारांकाने गुणायचं. राहत्या घराचा भारांक १, कारखान्याचा १.२०, दुकानाचा १.२५. जे मूल्य येईल त्यावर दर हजारी अमुक पैसे असा ग्रामपंचायतीने घराच्या प्रकारानुसार ठरवलेला दर लागतो. जमिनीचा दर रेडी रेकनरमधून, म्हणजे सरकारच्या दरांच्या तक्त्यातून येतो. तो नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गावानुसार पाहता येतो.

माझ्या कोठ्याचाच हिशेब मांडतो. दर समजण्यापुरते धरले आहेत, तुमच्या गावचे वेगळे असतील. क्षेत्रफळ ४० चौरस मीटर. जमिनीचा दर ४०० रुपये धरला तर १६,००० झाले. स्लॅबचा बांधकाम दर १०,००० आणि घसारा ०.९० धरला तर ३,६०,००० झाले. बेरीज ३,७६,०००, दुकानाचा भारांक लावून ४,७०,०००. हजारी १२० पैशांनी टॅक्स ५६४ रुपये. आता तोच कोठा जसा आहे तसा धरू. बांधकाम दर ४,०००, जुना म्हणून घसारा ०.५०, म्हणजे ८०,०००. त्यात जमिनीचे १६,००० मिळवून ९६,०००. भारांक १, दर हजारी ६० पैसे, टॅक्स ५७ रुपये ६० पैसे. एका चुकीच्या शब्दाने टॅक्स जवळपास दहापट झाला.

फरक वर्षाला ५०६ रुपयांचा. आकारणी चार वर्षं चालते असं धरलं तर सगळा वाद दोन हजारांचा, आणि मी त्यासाठी आठ हजार दिले होते. म्हणून वकिलाचं दार ठोठावण्याआधी वादाची चार वर्षांची रक्कम कागदावर लिहाच. दालमिल, जिनिंग, पोल्ट्री शेड, गोदाम किंवा मंगल कार्यालय असेल तर हीच रक्कम लाखात जाऊ शकते. तिथे वकील लावणं शहाणपणाचं ठरतं.

नेहमी सापडणाऱ्या चुका अशा: घराचा प्रकार चुकीचा, वापर चुकीचा, बांधकामाचं वर्ष अलीकडचं लिहिलेलं असल्यामुळे घसारा कमी मिळालेला, फूट आणि मीटरची गल्लत, भावांच्या वाटणीनंतर जुनी नोंद न काढता नवीन चढवलेली. अजून एक चूक कमी लोकांना कळते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ प्रमाणे शेतसारा लागणाऱ्या जमिनीवर ग्रामपंचायतीला जमिनीचा कर लावता येत नाही. शेतातल्या बांधकामावर लावता येतो, पण बांधकामाभोवतीची सगळी पट्टी "मोकळी जागा" म्हणून धरली असेल तर सातबारा पुढे ठेवा. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराच्या टॅक्समध्ये माफीची शासनाची योजना आहे. अशा घरांत भांडण नसतं, फक्त अर्ज राहून गेलेला असतो.

दोनशे पानी वही

चूक सापडली त्याच दिवशी एक दोनशे पानी वही आणा आणि तिच्यावर "घरटॅक्स खर्च" असं लिहा. ऐकायला साधं आहे, पण पुढे कोर्टात खर्च मागताना दुसरं काहीच हाती नसतं. माझ्याकडे आलेल्या एका मावशींची वही मी आजही लोकांना दाखवतो, त्यांच्या परवानगीने झेरॉक्स काढून ठेवलं आहे. एका ओळीत तारीख, कुठे गेले, कशासाठी, किती रुपये, पावती क्रमांक. "पंचायत समिती, अपील दाखल, एसटी जाणे-येणे, तिकीट चिकटवले." खाली खरंच एसटीचं तिकीट भाताच्या शितानं चिकटवलेलं. मागच्या पानावर रजिस्टर पोस्टाच्या पावत्या एकीवर एक, टोकाला टाचणी मारून. मावशींना लिहिता येत नव्हतं, नात लिहायची.

तिकिटांची शाई उन्हाळ्यात उडते, म्हणून महिन्याला एकदा त्या पानाचा फोटो काढून ठेवा. झेरॉक्सवाल्याकडून, टायपिंगवाल्याकडूनही बिल मागा. मी देतो, कोणीही दुकानदार देईल. मोजणीदार किंवा इंजिनिअरकडून घराचं मोजमाप करून घेतलं असेल तर त्याचं बिल आणि सही-शिक्का असलेला नकाशा, दोन्ही ठेवा.

पहिली पायरी वकिलाशिवाय

चार वर्षांतून एकदा फेरआकारणी होते, तेव्हा ग्रामपंचायत आकारणी यादी प्रसिद्ध करते आणि हरकती मागवते. सगळ्यात स्वस्त लढाई इथे आहे. नोटीस बोर्डावर यादी लागली की जाऊन आपलं नाव बघा. हरकत लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आमच्याकडे सचिव म्हणतात, "ठेवून द्या, पाहून घेतो." ठेवून देऊ नका. शिक्का मिळत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती तुमच्या वहीत जाते आणि हरकत मुदतीत दिल्याचा पुरावाही होतो.

हरकत फेटाळली किंवा तिचं उत्तरच आलं नाही, तर कलम १२४ प्रमाणेच पंचायत समितीकडे अपील करता येतं. तिथेही समाधान झालं नाही तर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे जाता येतं. अपील बिल मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत टाकाच, नंतर उशिराची कारणं सांगत बसण्यात ताकद जाते. समितीवर सदस्य नसतील, प्रशासक असेल, तरी अपील त्याच कार्यालयात गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे आवक करून घ्या.

अपिलाच्या या दोन्ही टप्प्यांवर वकिलाची फी दुसऱ्या बाजूकडून देववण्याची पद्धत नाही. तिथे दिलेला वकिलाचा पैसा गेला असंच समजा. अपील मोठं असण्याची गरज नसते. एक पान पुरतं. बिलाचा तपशील, नमुना ८ मधली चुकीची नोंद, खरी परिस्थिती, पुरावे, आणि शेवटी तीन मागण्या: नोंद दुरुस्त करावी, सुधारित बिल द्यावं, जादा भरलेली रक्कम पुढच्या मागणीत वळती करावी. तिसरी मागणी बहुतेक जण विसरतात आणि मग जादा भरलेल्या पैशासाठी वेगळी धावपळ होते.

सुनावणीला स्वतः जा. आमच्या गावचे एक काका गेले होते. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "साहेब, हे कवेलू दिसून राहिले न तुम्हाले? मंग स्लॅब कुठून आला?" स्थळपाहणीचा आदेश तिथेच झाला. वकिलाच्या चार पानांपेक्षा तो फोटो जास्त उपयोगी पडला.

कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतींना पानामागे दोन रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. मोजणीचा तक्ता, आकारणी ठराव, दर ठरवल्याचा मासिक सभेचा ठराव, हे तीन कागद मागा. या कायद्यात खर्चाच्या दृष्टीने एक चांगली तरतूद आहे, ती फार कमी लोक वापरतात. माहिती न दिल्यामुळे तुमचं नुकसान झालं असेल, तर कलम १९(८)(ख) खाली राज्य माहिती आयोग त्या कार्यालयाला तुम्हाला भरपाई द्यायला सांगू शकतो. म्हणून आयोगाकडच्या दुसऱ्या अपिलात फक्त "माहिती द्यावी" लिहून थांबू नका. वहीतला प्रवासखर्च, बुडालेली मजुरी, झेरॉक्स यांचा आकडा मांडून भरपाई मागा.

टॅक्स थकवू नका, हरकत राखून भरा

वाद चालू आहे म्हणून बिल बाजूला ठेवणं धोक्याचं असतं. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत टॅक्स भरला नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे सदस्य होण्यास माणूस अपात्र ठरतो. निवडणुकीच्या वर्षी विरोधक हाच मुद्दा काढतात. शिवाय त्याच अधिनियमाच्या कलम १२९ खाली मागणी नोटीस आणि जप्तीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. भरताना सोबत एक चिठ्ठी द्या: "सदर रक्कम माझी हरकत व अपील राखून भरत आहे." तिच्या प्रतीवर शिक्का घ्या. पावती नमुना १० मध्ये मिळते, ती वहीत लावा. पुढे जादा रक्कम परत मागताना ग्रामपंचायत म्हणू शकते, "त्यांनी राजीखुशीने भरली." तेव्हा ती चिठ्ठी कामी येते.

वकील कधी लावायचा

आकारणीत आकड्यांची चूक असेल तर दिवाणी न्यायालयात जाऊ नका. कायद्याने त्यासाठी अपिलाची वाट दिलेली आहे. ती न वापरता दावा टाकला तर तो त्याच मुद्द्यावर फेटाळला जाऊ शकतो, आणि हरल्यावर समोरच्याचा खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये धुलाभाई विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात ही रेषा आखली आहे. विशेष कायद्याने पुरेसा उपाय दिला असेल तर दिवाणी न्यायालय दूर राहतं. पण अधिकाऱ्यांनी त्या कायद्याच्या मूळ तरतुदी किंवा न्यायाची मूलभूत रीतच पाळली नसेल, तर दार उघडं राहतं. दुसऱ्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतली जागा, शेतसाऱ्याच्या जमिनीवर लावलेला कर, नोटीस-हरकत काहीच न होता केलेली आकारणी, अशा गोष्टी या प्रकारात येऊ शकतात. वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा: "माझा दावा न्यायालय ऐकेल का, आणि का?" उत्तर नीट मिळालं नाही तर दुसऱ्या वकिलाला विचारा.

दुसरी वाट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका, म्हणजे थेट उच्च न्यायालयाकडे दाद मागणारा अर्ज. विदर्भातले अकराही जिल्हे याच खंडपीठाखाली येतात. अपिलाची वाट वापरली का, हे तिथेही विचारलं जातं. खर्च देणं पूर्ण न्यायालयाच्या मर्जीवर असतं आणि यवतमाळ-नागपूर चकरा, राहणं, वरिष्ठ वकील यांचा बोजा मोठा असतो. एका घरासाठी हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गावातल्या पन्नास घरांना एकाच बेकायदा ठरावाने टॅक्स लागला असेल तर मात्र एकत्र या. सारखंच कारण असलेल्यांना एकत्र दावा करता येतो. अनेकांच्या वतीने काहींनी दावा चालवायचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम ८ प्रमाणे न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. वर्गणी गोळा करताना प्रत्येकाला वेगळी पावती द्या आणि हिशेब एकाच बँक खात्यात ठेवा. आमच्याकडे वर्गणीवरून केसपेक्षा मोठी भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

फी ठरवताना तीन गोष्टी पाळा. रक्कम लेखी घ्या, निदान कागदाच्या तुकड्यावर सहीनिशी. पैसे यूपीआय किंवा चेकने द्या. आणि "जिंकलो तर परत मिळालेल्या रकमेचे वीस टक्के" असा सौदा करू नका. आपल्या देशात वकिलाला निकालावर टक्का घेण्याची बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

सगळ्यात मोठी बचत मात्र फुकट कायदेशीर मदतीत आहे आणि तीच लोक सोडून देतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे सर्व महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. अर्ज तिथे द्यायचा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करायचा. कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही यातून होऊ शकतो. घर आईच्या किंवा बायकोच्या नावावर असेल तर अर्ज त्यांनीच करावा. गडचिरोली, मेळघाट, यवतमाळच्या आदिवासी पट्ट्यातल्या बहुतेक कुटुंबांना वकिलाला एक रुपयाही देण्याची गरज नाही. तरी माणसं सोनं गहाण ठेवून फी भरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दाव्यात खर्च कसा मागायचा

ग्रामपंचायतीवर दावा टाकण्याआधी कायद्याने लेखी नोटीस द्यावी लागते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १८० ची ही अट चुकली तर दावा मुद्द्यावर ऐकलाच जात नाही. नोटिशीतच लिहा की, चूक दुरुस्त न केल्यास दाव्याचा संपूर्ण खर्च ग्रामपंचायतीकडून वसूल केला जाईल. या एका ओळीने पुढे न्यायालयाला दिसतं की, खर्च टाळायची संधी त्यांना दिली होती.

दावापत्राच्या शेवटी विनंतीचं कलम असतं. त्यात "योग्य तो दुसरा हुकूम व्हावा" एवढ्यावर भागवू नका. मी असं टाइप करतो: "प्रतिवादी ग्रामपंचायतीकडून वादीस दाव्याचा संपूर्ण खर्च, कोर्ट फी, वकील फी, नोटीस, नकला, साक्षीदार व टंकलेखन यांच्या खर्चासह, देववावा." हे शब्द उगाच नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०-अ मध्ये जे खर्च धरता येतात त्यांची यादी आहे: दाव्याआधीच्या नोटिशीचा खर्च, टायपिंग-छपाई, अभिलेख पाहण्याची फी, साक्षीदारांचा खर्च, अपिलासाठी लागणाऱ्या नकला. तुमच्या वहीतली प्रत्येक ओळ यांपैकी कशात बसते ते बाजूला लिहून ठेवा. न बसणाऱ्या ओळींचा वेगळा तक्ता करा.

संहितेचं कलम ३५ सांगतं की, साधारणपणे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा आणि न्यायालयाने तसं केलं नाही तर त्याची कारणं नोंदवावी. कलम ३५-अ खाली खोट्या किंवा त्रास द्यायच्या हेतूने घेतलेल्या बचावासाठी भरपाई मिळते, पण तिची कमाल मर्यादा तीन हजार रुपये आहे. कलम ३५-ब मुद्दाम तारखा लांबवणाऱ्याकडून खर्च घेण्यासाठी आहे. ग्रामपंचायतीचे वकील तिसऱ्यांदा मुदत मागत असतील तर त्याच दिवशी तोंडी नव्हे, लेखी अर्ज करून तारखेचा खर्च मागा. तो तिथल्या तिथे मिळू शकतो. माझ्या पाहण्यात हाच पैसा सगळ्यात लवकर हातात येतो.

आता कडू भाग. हुकूमनाम्यात, म्हणजे निकालानंतर निघणाऱ्या न्यायालयाच्या आदेशाच्या कागदात, वकिलाची जी फी धरली जाते ती दाव्याच्या रकमेवर ठरलेल्या प्रमाणाने येते. तुम्ही प्रत्यक्ष दिलेल्या फीच्या मानाने ती फार थोडी असते. दोन हजारांच्या दाव्यात शेकड्यातच असते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात म्हटलं आहे की, खर्च हा प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च असला पाहिजे. गेलेला वेळ, प्रवास, राहणं, वकील फी, कोर्ट फी हे त्यात धरावं. या निकालाचा उल्लेख वकिलाने शेवटच्या युक्तिवादात करावा आणि खर्चाचं विवरण, वकिलाच्या फीच्या प्रमाणपत्रासह, निकालाआधी दाखल करावं. निकाल लागल्यावर आणलेली पावती कोणी बघत नाही.

निकाल ऐकताना शेवटचं वाक्य ऐका. "दावा खर्चासह मंजूर" आणि "ज्याचा त्याने खर्च सोसावा" या दोन वाक्यांत तुमची सगळी वही आहे. दुसरं वाक्य आलं आणि कारण दिलेलं नसेल, तर अपील करायचं का हे रकमेकडे बघून ठरवा. पहिलं आलं तर हुकूमनाम्याची नकल लगेच मागा, त्यात खर्चाचा तक्ता असतो. बेरीज तपासा. कारकुनी चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज देता येतो.

ग्रामपंचायतीने रक्कम दिली नाही तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते. त्यासाठी बारा वर्षांची मुदत आहे. पण आधी सरपंच आणि सचिवांना हुकूमनाम्याची प्रत देऊन लेखी मागा, आणि ग्रामनिधीतून देण्याचा ठराव पुढच्या मासिक सभेत घ्यायला सांगा. तो पैसा शेवटी गावाचाच असतो, म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना एक सुचवतो. रोख रकमेऐवजी खर्च आणि जादा भरलेला टॅक्स पुढच्या तीन-चार वर्षांच्या मागणीत वळता करायला सांगा. ग्रामपंचायत चटकन तयार होते, गावातल्या पाण्याच्या मोटारीचे पैसे अडत नाहीत, आणि तुमचंही काम होतं. फक्त हे तोंडी ठेवू नका. तडजोडीची पुरसिस (न्यायालयात द्यायचं लेखी निवेदन) करा आणि नमुना ९ मध्ये तशी नोंद करून तिची प्रत घ्या.

लोकअदालतीची नोटीस आली तर

थकबाकीदारांना ग्रामपंचायती दावा न टाकताच राष्ट्रीय लोकअदालतीच्या नोटिसा पाठवतात. न्यायालयाचा शिक्का पाहून माणूस घाबरतो. घाबरू नका, पण जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. तिथे तडजोड तुमच्या संमतीशिवाय होत नाही आणि एकदा सही केली की त्या निवाड्यावर अपील नाही. गर्दीत टेबलापाशी उभं राहून "पन्नास टक्के भरा, मिटवून टाका" असं कोणी म्हणालं तर आधी बघा की, मूळ चुकीची नोंद दुरुस्त करण्याचं त्या कागदात लिहिलं आहे का. नसेल तर अर्धे पैसे भरूनही पुढच्या वर्षी तेच बिल येणार. आधीच दावा चालू असेल आणि तो लोकअदालतीत मिटला, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. ती परत मिळवण्याचं प्रमाणपत्र त्याच दिवशी मागून घ्या.

व्यवसायाची जागा असेल तर अजून एक दार आहे. दालमिल किंवा दुकानाच्या टॅक्सच्या वादात दिलेली वकील फी व्यवसायाच्या खर्चात दाखवता येते. सीएला पावत्या द्या. राहत्या घराला ही सोय नाही.

जादा भरलेल्या रकमेसाठी वेगळा दावा करायची वेळ आली तर मुदत किती ते वकिलाला आधीच विचारा. चुकून भरलेल्या पैशाची मुदत चूक कळल्यापासून मोजली जाते. ती कधी कळली हे तुमच्या वहीतल्या पहिल्या तारखेवरून सिद्ध होतं.

निकाल लागला, पैसे मिळाले किंवा वळते झाले, तरी वही बंद करायची घाई करू नका. एप्रिलमध्ये नव्या वर्षाची बिलं निघाली की पुन्हा नमुना ८ चा उतारा काढा. माझ्या कोठ्याची नोंद दुरुस्त होऊनही पुढच्या वर्षी बिल जुनंच आलं होतं, कारण संगणकातली नोंद कोणी बदललीच नव्हती. मी आदेशाची झेरॉक्स आणि उतारा घेऊन गेलो, समोर बसून नोंद बदलून घेतली, आणि "कोठा, टिन" लिहिलेल्या त्या नव्या उताऱ्यावर सचिवांची सही आणि तारीख घेतली. तो उतारा वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवलेला आहे.